विडो स्लीट, वजन १८७ पौंड

स्प्रूस लेक, मिनेसोटा
९ मार्च १९८५

चि. लोवेल यास ऑटिलीआत्याचे आशीर्वाद, यावेळी जरा हात आखडून.

वि. वि. इकडे सर्व क्षेम. तळं अजून गोठलेलंच आहे आणि लोक अजून त्यावर ट्रक घालतायत. माझा गुडघा ठीक. राग मात्र ठीक नाही.

तू न्यूयॉर्कला एका मोठ्या कोशाचं काम बघतोस, असं मी गेली दोन वर्षं चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता सगळ्यांना सांगत आले. कोश म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नद्या, धातू, फुलपाखरं. परवा किराणा दुकानात, बियाण्यांच्या पाकिटांशेजारच्या फिरत्या स्टँडवर आर्डिस नुगार्डला तुझं नाव छापलेलं दिसलं. ती अंक घेऊन थेट माझ्या दारात. मुखपृष्ठावर घट्ट चड्ड्या घातलेली तीसेक माणसं ओळीने उभी. कॉमिकमधल्या सुपरहिरोंचा आणि खलनायकांचा चरित्रकोश, भाग दुसरा, अक्षर बी. आर्डिसने विचारलं, यात फुलपाखरं कुठे आहेत. मी तिला केक दिला आणि गप्प केलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण पान एकोणीस. बॅरन बॅरोमीटर, खलनायक, वादळं आणतो. खरं नाव एनार. आधीचा व्यवसाय सुतारकाम. वजन २०४ पौंड. स्वभाव हट्टी. नातेवाईक: एक बहीण, विडो स्लीट (खरं नाव ऑटिली, १८७ पौंड). भावाबहिणीत सतरा वर्षं बोलणं नाही, कारण वडिलांचा बॅरोमीटर.

लोवेल, तुझ्या बापाचा आणि माझा अबोला गावाला ठाऊक आहे, त्याचं मला काही नाही. पण ते वजन जगात तिघांनाच माहीत होतं. मला, डॉक्टरला आणि तुझ्या आईला. डॉक्टर तोंड उघडत नाही आणि तुझी आई देवाघरी आहे, तेव्हा ती जाण्यापूर्वी तुला काय काय सांगून गेली याचा मला आता घोर लागलाय. आर्डिसने ते पान गोधडी मंडळात वाचून दाखवलं. अकरा बायका, आणि एकीनेही सुईतून मान वर केली नाही. यावरून काय ते ओळख.

लगेच उत्तर पाठव. तोवर माया बेतानेच.

तुझी आत्या
ऑटिली टॉर्सेट


न्यूयॉर्क
१७ मार्च १९८५

ती. ऑटिलीआत्यास लोवेलचा सा. न., आणि कान धरून.

वि. वि. पत्र ऑफिसात आलं आणि मी ते उभ्यानेच वाचलं. चूक माझी आहे. फक्त ती कशी झाली तेवढं सांगू दे.

आमच्या कोशात प्रत्येकाला एक पान. खरं नाव, उंची, वजन, डोळ्यांचा रंग, नातेवाईक, शक्ती, कमजोरी, पहिल्यांदा कधी दिसला. आमचे संपादक झेलिगसन यांचा दंडक असा की एकही रकाना रिकामा जायचा नाही. आता गंमत बघ, चाळीस वर्षं ज्यांनी ही कॉमिक्स लिहिली त्यांनी कुणाला कधी वजनकाट्यावर उभंच केलं नाही. हा बॅरन १९५३ साली तीन अंकांत येऊन गेला. एका अंकात तो दाराएवढा आहे, दुसऱ्यात चर्चच्या मनोऱ्याएवढा. नाव नाही, गाव नाही. त्याची एक बहीण आहे, ती गारा पाडते, आणि दोघं एका घरात राहून एकमेकांकडे पाठ करून बसतात, एवढंच दाखवलंय. महिन्याला एकतीस पानं भरायची असतात, आत्या. त्या दिवशी एकोणिसावं पान चालू होतं आणि हात आपोआप तुमच्याकडे वळला. तुझं वजन त्यात घालायची गरजच नव्हती, पण ओळ अर्धी राहत होती.

आणि आता ते बदलता येत नाही. झेलिगसन म्हणतात, छापलं ते कायम. पुढच्या सगळ्या गोष्टींनी कोशाप्रमाणे वागायचं. कुणा वाचकाने पुराव्यानिशी चूक काढून दाखवली तर आम्ही दुरुस्ती छापतो आणि त्याला पत्र्याचा एक बिल्ला पाठवतो, 'डोळस वाचक' असा. वर्षाला दोन-तीनच जातात.

तुला हे पोरखेळ वाटेल. पण तुझ्यामुळेच मी यात पडलो. औषधांच्या दुकानात कॉमिक्स कधी क्रमाने यायची नाहीत, सहावा अंक आला की नववा, मधलं काही नाही. कोण कुणाचा कोण, काही कळायचं नाही. तू मला पाककृती लिहायच्या कोऱ्या कार्डांची एक पेटी दिली होतीस. मी तिच्यावर एकेकाचं नाव, गाव, शक्ती लिहायला लागलो. गोष्टीत नुसता धुमाकूळ असतो गं, सगळे उडतायत, पडतायत. कार्डावर मात्र माणूस पाय जुळवून शांत उभा राहतो, आणि मग त्याच्याकडे नीट बघता येतं. कोश घेणारी हजारो माणसं त्याच्यासाठीच घेतात. कितीतरी जण मूळ गोष्टी वाचतसुद्धा नाहीत.

विडो स्लीटचं स्वतःचं पान डब्ल्यूमध्ये, डिसेंबरात आहे. ते तुला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. माया पूर्ववत कर, बेताची मला पुरत नाही.

तुझा
लोवेल


स्प्रूस लेक
२ एप्रिल १९८५

चि. लोवेल,

आशीर्वाद. मी खुशाल.

मासे धरायच्या गळांच्या दुकानात कुणीतरी तुझं पान भिंतीला टाचलंय. लोक माझ्याकडे बघून टोपी काढतायत आणि वादळ कधी आणतोस म्हणून विचारतायत. त्याचं काही नाही. पण वजन २०४ नाही, १९६ आहे. स्वभाव हट्टी असं लिहिलंयस, तो मी नाही, ती.

दुसरं. 'भावाबहिणीत बोलणं नाही' हे चूक. ती बोलत नाही, असं पाहिजे. बॅरोमीटर बाबांनी मला देतो म्हणून सांगितलं होतं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, बाबांच्या मातीचा दिवस, लोक अजून सॅंडविच खातायत, आणि ही तो भिंतीवरून काढून गाडीत घालून मोकळी. मी विचारलं, तर म्हणाली तुला काय करायचाय.

तिचं पान डब्ल्यूमध्ये येणार असं ऐकलं, त्यात तिच्याबद्दल काय लिहिणार आहेस ते कळव. नुसतं माहितीसाठी.

बाकी भेटीत.

तुझा बाप
एनार


स्प्रूस लेक
२८ मे १९८५

चि. लोवेल यास आत्याचे भरघोस आशीर्वाद.

वि. वि. लायलॅक फुललाय. परसात रुबार्बची आंबट देठं इतकी आलीत की लोक गाडीची काच उघडी ठेवायला घाबरतायत, कुणीतरी आत पेंढी टाकून जातं.

रागाचं म्हणशील तर तो ओसरला. अंक परत करण्याआधी म्हटलं, आपली आणखी कुठे नाचक्की झालीय का बघावं, म्हणून पान एकपासून वाचायला घेतला आणि कॉफी गार झाली. मग ए मागवला. आता सी, डी, ई सगळे घरात आहेत. एकही कॉमिक मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही. मारामारी मला आवडत नाही. पण हे पानं चाळणं म्हणजे रविवारी चर्चला सगळ्यांच्या आधी जाऊन बसण्यासारखं आहे. एकेक जण येतो, त्याच्याकडे बघायचं, हा कुणाचा, याचं कुणाशी जमत नाही, याने पहिल्यांदा लग्न कुणाशी केलं होतं.

गोधडी मंडळात आता दर गुरुवारी मी पाच जण वाचून दाखवते. बायकांची मतं ठाम आहेत. कर्नल क्वॉरीची तीन खरी नावं आहेत, तेव्हा तो कितीही पूल वाचवो, त्याला कुणी घरात घेणार नाही. डीकन डायनॅमो अनाथ आहे असं तुम्ही डीमध्ये लिहिलंत आणि ईमध्ये एल्डर एल्बोच्या पानावर त्याची मावशी जिवंत आहे. मावशी असताना माणूस अनाथ कसा, असं आर्डिसचं म्हणणं. तिने तुमच्या झेलिगसनना लिहिलंय. बिल्ला आला तर ती तो अंत्यविधीलासुद्धा लावून येईल.

मी स्वतः पाककृतीच्या कार्डांवर मंडळींचा कोश सुरू केलाय. पाद्रीबाबा: उंची सहा फूट, शक्ती पंधरा मिनिटांचं प्रवचन पन्नास मिनिटं करणं, कमजोरी लेफ्से, ती बटाट्याची पातळ पोळी. तुझ्या बापाचं कार्ड लिहायला घेतलं आणि निम्म्यावर राहिलं. त्याला आता काय आवडतं, काय दुखतं, मला माहीतच नाही. सतरा वर्षांपूर्वीचं लिहून काय करायचं.

माझ्या पानाबद्दल एक सूचना. १८७ हे धान्याच्या काट्यावरचं वजन आहे, थंडीचा कोट आणि गमबूट धरून. तेवढं ध्यानात असू दे.

तुझी
कोटाशिवायची आत्या


न्यूयॉर्क
२० सप्टेंबर १९८५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही, म्हणून आधी चांगली सांगतो. आर्डिसबाईंचा बिल्ला निघालाय. मावशीचा मुद्दा झेलिगसननी मान्य केला.

आता दुसरी. झेडपर्यंतचे भाग संपले की फेब्रुवारीत एक जादा खंड निघायचा आहे, मेलेल्यांचा. जाहिरात झाली, दुकानांनी मागणी नोंदवली, चौसष्ट पानं ठरली. काल मोजलं तर आमच्याकडे मेलेले पन्नासच भरले. चौदा पानं कमी. झेलिगसन खिडकीपाशी जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, चौदा जण मारू. अगदी शांतपणे म्हणाले. त्यांना तशी सवय आहे.

मारायचे कोण, तर ए ते आर छापून झालेत, जिवंत म्हणून. छापलं ते कायम. म्हणजे कुऱ्हाड एस ते झेडवरच पडणार. कुणाला न आठवणाऱ्यांची यादी केली, त्यात विडो स्लीट खालून तिसरी आहे. मरण कसं, तर स्वतःच्याच घराच्या पागोळीवरून बर्फाचा सुळा पडून. मी विरोध केला. झेलिगसननी पत्रांची फाइल मागवली. बत्तीस वर्षांत विडो स्लीटबद्दल एक पत्र आलंय, तेही तिची टोपी आवडली नाही म्हणून. शेवटी एवढं मिळालं की पंधरा ऑक्टोबरपर्यंत वीस वाचकांनी लिहिलं, ही बाई गेली तर आम्हाला चुकल्यासारखं होईल, तर ती वाचेल.

आत्या, गोधडी मंडळच अकरा जणींचं आहे. तू नुसता शब्द टाक.

आशा न सोडणारा
लोवेल


स्प्रूस लेक
२६ सप्टेंबर १९८५

चि. लोवेल यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी शब्द टाकणार नाही. मला वाचवा म्हणून मी दारोदार फिरायचं, तेही कागदावर? तू कुणालाही कळवायचं नाहीस. आर्डिसला तर नाहीच, ती पत्रकं छापेल. पडू दे सुळा.

मात्र पान मेलेल्यांच्या खंडात जायचं असेल तर निदान खरं तरी जाऊ दे. 'कमजोरी' या रकान्यात काय लिहायचं ते सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझा नवरा सेल्मर जिवंत असताना त्यालाही नाही.

तुला आठवतं, आजोबा रोज सकाळी त्या बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारून हवा सांगायचे, आणि मग आम्ही कपडे वाळत घालायचे की नाही ते ठरायचं. मातीच्या दिवशी माझ्या मनात आलं, उद्या सकाळी इथे कुणी टिचकी मारणार नाही. एवढं मनात आलं आणि मी तो काढलाच. विचार केला नाही, विचारलं नाही. पश्चात्ताप झाला तो घरापर्यंत पोचायच्या आत. नुगार्डच्या शेताजवळच्या मोरीवर गाडी उडाली आणि तो मागच्या सीटवरून खाली आदळला. काच शाबूत, पण काटा 'बदल' या शब्दावर अडकला तो अडकलाच. मी ठोकला, हलवला, शेगडीजवळ ठेवला. तीन दिवसांनी एनार मागायला आला तेव्हा मोडका परत कसा देऊ? तेव्हा म्हटलं, तुला काय करायचाय. तो गेला. एक आठवडा गेला की सांगायला लाज वाटते, एक वर्ष गेलं की जास्त, आणि सतरा वर्षं गेल्यावर तर तोंडच राहत नाही.

रविवारी तो माझ्या पुढच्या बाकावर बसतो. तुझी आई गेल्यापासून कॉलरला इस्त्री नसते. मला समोर तेवढंच दिसतं, ती कॉलर. मला माझा भाऊ हवाय, लोवेल. पण ते आता कुठल्या रकान्यात बसत नाही.

बापाला यातलं अक्षर सांगशील तर वजनापेक्षा वाईट होईल.

तुझी
ऑटिलीआत्या


न्यूयॉर्क
३० सप्टेंबर १९८५

ती. बाबांस सा. न.

वि. वि. आमच्या कोशात विडो स्लीट मरणार आहे. पंधरा ऑक्टोबरपर्यंत वीस पत्रं आली तर वाचेल. सोबत पत्ता आहे.

आत्याने सांगितलंय, कुणालाही कळवायचं नाही. तुम्ही कुणी नाही, वडील आहात, असा अर्थ मी लावलाय. तुमचं मत काय ते तुम्ही ठरवा.

लोवेल


न्यूयॉर्क
१७ ऑक्टोबर १९८५

ती. आत्यास लोवेलचा सा. न. वि. वि., आणि आधी कुठेतरी बस.

त्रेचाळीस पत्रं आली. सगळ्यांवर एकाच गावाचा शिक्का. टपाल फोडणारी मुलगी विचारत होती की हे स्प्रूस लेक म्हणजे वेड्यांचं इस्पितळ आहे का.

गळाच्या दुकानवाल्याने लिहिलंय, स्लीटबाई गेल्या तर हिवाळ्याला अर्थ नाही. पाद्रीबाबांनी चार पानं लिहिलीत, तिसऱ्या पानापर्यंत विषय आलेला नाही. आर्डिसबाई म्हणतात की तिच्यासारखा रुबार्बचा गोड पाय भाजायला तालुक्यात कुणाला जमत नाही, आणि आता झेलिगसन मला विचारतायत, हा पाय कुठल्या अंकात आहे. सातजणींनी तर तिच्या वजनाबद्दल जी नालस्ती छापली तिचा निषेध केलाय. मी कुणाला कळवलं हे विचारू नकोस. एकालाच कळवलं.

त्रेचाळिसावं पत्र सुताराच्या जाड पेन्सिलीने, ठसठशीत अक्षरात आहे. ते जसंच्या तसं उतरून देतो.

'संपादक यांस. तुम्ही विडो स्लीटला मारणार असं कळलं. माझं आणि या बाईचं एका वस्तूवरून सतरा वर्षं वाकडं आहे, आणि चूक तिची आहे. पण म्हणून ती मरावी असं मी कधी म्हटलेलं नाही. मला एकच बहीण आहे. जागा भरायचीच असेल तर बॅरन बॅरोमीटरला घ्या, त्याची हरकत नाही. एनार ब्रँडवोल्ड, सुतार.'

झेलिगसननी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, बॅरनला घेता येणार नाही, बी छापून झालंय. मग मरणाऱ्यांच्या यादीतलं विडोचं नाव खोडून तिथे झिंक बंधूंची नावं घातली. ते तिघे आहेत, म्हणजे दोन पानं उलट फायद्यात पडली.

पान शुक्रवारी छापायला जातंय. 'कमजोरी' मी 'सांगता येत नाही' अशी लिहिलीय, ती खरीही आहे. नातेवाइकांत मात्र 'भावाशी बोलणं नाही' असंच आहे, कारण आजच्या तारखेला दुसरं काही माझ्याकडे पुराव्यानिशी नाही.

तुझा
लोवेल


स्प्रूस लेक
१० नोव्हेंबर १९८५

चि. लोवेल यास आत्याचे जेवढे असतील तेवढे सगळे आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र वाचून मी ओट्यापाशी उभी राहून रडले. मग तोंड धुतलं. पुढचा रविवार आला, चर्च सुटलं, आणि मी त्या कॉलरला म्हणाले की घरी ओव्हनमध्ये हॉटडिश जास्त झालंय. कॉलर म्हणाली, बरं.

आला. टोपी काढली, बूट काढले. इकडच्या तिकडच्या गप्पा नाहीत. सरळ दिवाणखान्यात गेला आणि भिंतीवरच्या बॅरोमीटरला आजोबांसारखी टिचकी मारली. काटा हलला नाही. मी हातात भांडं धरून उभी होते. तिथेच सगळं सांगितलं, मोरी, सीट, शेगडी, सगळं.

तो खाली बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मला वाटलं आता उठून जाणार. मग म्हणाला, तो मोरीवर मोडलेला नाही. तो १९३८ साली मोडलाय. सोळा वर्षांचा असताना याने मागचा खिळा बदलायला म्हणून तो खाली उतरवला आणि हातातून सुटला. काटा 'बदल'वर अडकला. याने गुपचूप परत टांगला आणि सबंध उन्हाळा मार खायची वाट बघत काढला. मातीच्या दिवशी त्याला तो हवा होता तो एवढ्याचसाठी की कुणाला कळायच्या आत दुरुस्त करावा. मी नेला म्हटल्यावर त्याची खात्री झाली की मला सगळं कळलंय आणि मी मुद्दाम देत नाहीये.

मी म्हटलं, मग आजोबा तीस वर्षं रोज हवा कशी सांगत होते. एनारने विचार केला आणि म्हणाला, ते आधी खिडकीतून बघायचे. ते खरंच आहे, लोवेल. आधी खिडकी, मग टिचकी. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांनी याला एका शब्दाने विचारलं नाही. मग एनारच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला आणखी हॉटडिश वाढलं.

जाताना त्याचा शर्ट ठेवून घेतला, कॉलरसाठी. तो सेल्मरचा जुना स्वेटर घालून गेला आणि त्यात तो २०४ पौंडांचाच दिसतो, काहीही म्हणो.

तुझी
ऑटिलीआत्या


स्प्रूस लेक
१२ डिसेंबर १९८५

मा. संपादक, चरित्रकोश विभाग, यांस स. न. वि. वि.

आपल्या बाराव्या भागात, पान आठवर, विडो स्लीटच्या नातेवाइकांत 'भावाशी बोलणं नाही' असं छापलं आहे. ते चूक आहे. भाग दोन, पान एकोणीस, तेही चूक. दोघं बोलतात. पुष्कळदा दोघं एकाच वेळी बोलतात.

पुरावा: हे पत्र आम्ही एका टेबलावर बसून लिहिलं आहे. शाई तिची, पेन्सिल माझी.

दुरुस्ती व्हावी.

ऑटिली टॉर्सेट
एनार ब्रँडवोल्ड


स्प्रूस लेक
१९ जानेवारी १९८६

चि. लोवेल यास आत्याचे आशीर्वाद.

वि. वि. उणे चोवीस आहे आणि गाडी सुरू होत नाही, बाकी क्षेम.

तुमच्या झेलिगसनांचं पत्र आणि बिल्ला पोचला. दुरुस्ती छापणार म्हणतायत, आनंद आहे. पण लोवेल, बिल्ला एकच. पत्रावर सह्या दोन. एनारचं म्हणणं, चूक त्याच्या लक्षात आली. माझं म्हणणं, टेबल माझं, कागद माझा, शाई माझी. शेवटी असं ठरलं की एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे, आणि रविवारी चर्चनंतर माझ्या घरी देवघेव. आठवडाभर आम्ही दोघंही तो कोटाला लावून हिंडतो आणि आर्डिसशी बरोबरी करतो. गेल्या रविवारी त्याने आणायला विसरलो असं सांगितलं. विसरला कसला. वादावादी झाली, कॉफी अर्धी टाकून गेला. दहा मिनिटांनी टोपी राहिली म्हणून परत आला आणि रुबार्ब पायचे दोन तुकडे खाऊन गेला.

आमच्या घराण्याचा इतिहास तुला माहीत आहे. एका वस्तूवरून सतरा वर्षं. तेव्हा झेलिगसनना गळ घालून दुसरा बिल्ला ताबडतोब पाठव, म्हणजे पुढचं टळेल. हे पत्र टाकायला एनारकडेच देते आहे, त्याचा ट्रक सुरू होतो.

त्याचं कार्ड पुरं केलं. आवडतं: रुबार्ब. दुखतं: उजवा खांदा. माझंही वजन पुन्हा केलं, १९१. ते छापू नकोस.

अशीच माया करत जा, बेताने मुळीच नको.

तुझी आत्या
ऑटिली टॉर्सेट

(पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलीने)

लोवेल, दुसरा बिल्ला पाठवू नकोस. एकच बरा. दर रविवारी जावं लागतं. — बाबा